रिंग कोरडी आहे

माझ्या नवऱ्याला सगळं गाव 'हातोडा' म्हणतं. एकतीस वर्षं झाली. या हातोड्याला घरात एक खिळा सरळ ठोकता येत नाही, हे मात्र फक्त मला ठाऊक आहे. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मी ठोकलेल्या खिळ्यावर आहे, बाहेरच्या खोलीतला आरसाही. त्याने ठोकलेला एकच खिळा आमच्या घरात आहे आणि तो इतका वाकडा आहे की त्याच्यावर आम्ही काहीच अडकवत नाही.

तर या माणसाचं नाव आमच्या बॉक्सिंग हॉलला द्यायचं ठरलं. हॉल म्हणजे पत्र्याच्या छपराखालची एक लांबलचक खोली, मधोमध रिंग, भोवती लाकडी बाकं आणि मागे एक कार्यालय. त्या हॉलची झाडपूस मी सव्वीस वर्षं केली, त्यामुळे तिथलं कुठलं बाक डुगडुगतं तेही मला अजून पाठ आहे. यंदा तिथे नवा दरवाजा बसवला. दरवाजावर भलीमोठी कोरी पाटी लावली. कोरी पाटी कोणाला बघवेना, म्हणून नाव द्यायचं ठरलं आणि ठरल्यावर वाद सुरू झाला. आमच्याकडे सगळ्या गोष्टी याच क्रमाने होतात.

वाद एका ठोशाचा होता. एकतीस वर्षांपूर्वी अजिंक्यपदाच्या लढतीत माझ्या नवऱ्यासमोर जो उभा होता त्याला 'भिंत' म्हणायचे. त्याला तोवर कोणी पाडलं नव्हतं. माझा नवरा पहिल्या फेरीत नुसता मार खात होता. दुसऱ्या फेरीत त्याने डावा हात उचलला, आणि भिंत धाडकन उताणी पडली ती पंचांनी दहा आकडे मोजले तरी उठली नाही. झालं. माझा नवरा अजिंक्यवीर झाला. त्यानंतर त्याच्या चार लढती झाल्या. तीन तो हरला. चौथी जिंकला, कारण समोरच्याला आदल्या दिवशी गालगुंड झालं. मग खांदा दुखायला लागला आणि त्याने ग्लोव्ह खुंटीला टांगले. म्हणजे त्याची सगळी कीर्ती त्या एका ठोशावर उभी.

आणि तो ठोसा कोणी बघितलेला नाही! लढतीची एकच चित्रफीत आहे. नेमक्या त्या क्षणी कॅमेऱ्यासमोर पंच आले. त्यामुळे चित्रफितीत दिसते ती पंचांची पाठ. पांढरा शर्ट आणि मधोमध घामाचा डाग. पाठ बाजूला होते तेव्हा भिंत खाली आणि माझा नवरा वर.

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये न्हाव्याने ही चित्रफीत टीव्हीवर लावून ठेवली होती. महिनाभर लोक दाढीच्या निमित्ताने येऊन पंचांची पाठ बघायचे. कोणी म्हणायचं, पाठीला हिसका बसलाय, म्हणजे ठोसा जबरदस्त होता. कोणी म्हणायचं, पाठ शांत आहे, म्हणजे ठोसा लागलाच नाही. एका पाठीवर इतकी चर्चा झालेली मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

या सगळ्यात पुढे होते प्राध्यापक. निवृत्त माणूस, वेळ भरपूर. बॉक्सिंगशी त्यांचा संबंध एवढाच की शाळेत असताना त्यांनी पुष्कळ मार खाल्ला होता. त्यांनी शोध लावला की लढत ठरवून झाली. भिंत मुद्दाम पडली. पुरावा काय? लढतीनंतर वर्षाच्या आत भिंतीने गाद्यांचं दुकान काढलं.

"जो माणूस गाद्यांचं दुकान काढतो," प्राध्यापक म्हणायचे, "त्याच्या डोक्यात पडण्याचा विचार आधीपासून असणारच."

लोकांना हे पटलं. सोपी गोष्ट कोणालाच नको असते.

एका सकाळी नवरा घरी आला तो अर्ध्या तोंडाला साबण लावून.

"अहो, हे काय? एकाच गालाची दाढी?"

"न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला आणि वाद घालायला लागला. मी उठून आलो."

"कशावरून वाद?"

"प्राध्यापक म्हणाले, माणूस चांगला आहे, पण चोर आहे." तो खुर्चीवर बसला. "माझ्यासमोर म्हणाले. मी आरशात दिसत होतो त्यांना."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाही म्हणजे काही नाही. टॉवेल दे."

त्यानंतर तो सलूनला गेला नाही. बाजारातही जाईना. खिडकीशी बसून डाव्या हाताची मूठ मिटायची आणि उघडायची, एवढंच चालू. जेवायला वाढलं तर अर्धं ताटात. मला प्राध्यापकांचा असा संताप आला की समोर असते तर ओल्या फडक्याने पुसून काढलं असतं. पण त्याहून जास्त मी स्वतःवर चिडले होते. कारण माझा नवरा चोर नाही, हे शपथेवर सांगू शकेल अशी एकच बाई या गावात होती, आणि ती घरात बसून भाजी निवडत होती.

आता सांगायलाच हवं. एकतीस वर्षांपूर्वी त्या दिवशी आधीच्या लढतीत एका पोराचं नाक फुटलं होतं. रिंगच्या निळ्या कोपऱ्यात रक्ताचे डाग पडले. मी बादली घेऊन चढले, साबणाच्या पाण्याने कोपरा घासला. पद्धत अशी, की आधी ओलं फडकं आणि लगेच कोरडं. कोरडं फडकं माझ्या खांद्यावर होतं. तेवढ्यात कार्यालयातला तरुण कारकून धावत आला. प्रमुख पाहुणे अर्धा तास आधी पोचले होते आणि त्यांची खुर्ची धुळीने भरलेली होती. त्याने माझ्या खांद्यावरचं फडकं ओढलं आणि पळाला. "आवरा, आवरा, उतरा खाली!" असं ओरडतच पळाला. पाहुण्यांची खुर्ची कोरडी झाली आणि रिंग ओली राहिली. दुसऱ्या फेरीत भिंत मागे सरकत सरकत त्याच कोपऱ्यात गेली.

मी दाराशी बादली धरून उभी होते. मी भिंतीची टाच घसरताना बघितली. मला पंचांची पाठ आड आली नाही.

हे मी कोणाला सांगितलं नाही. आधी नोकरीच्या भीतीने. मग लढतीनंतर नवव्या दिवशी हा नवा अजिंक्यवीर हॉलवर आला, दोन मिनिटं नुसता उभा राहिला आणि मला म्हणाला, "चहा मिळेल का?" आमच्या हॉलमध्ये चहा कधीच मिळत नव्हता. मी त्याला माझ्या डब्याच्या झाकणात माझाच चहा ओतून दिला. आठ महिन्यांनी आमचं लग्न झालं. आता नवऱ्याला काय सांगणार? तुम्ही जिंकला नाहीत, साबण जिंकला?

पण चोर म्हणवून घेण्यापेक्षा नशिबाने जिंकलेला म्हणवून घेणं बरं, असं मी ठरवलं. पाटीवरचं नाव जाईल. गेलं तर गेलं. तो माझ्याशी बोलणं टाकेल, याची मात्र मला खरंच धास्ती होती.

हॉलच्या कार्यालयात सभा भरली. कागदावर लिहिलं होतं, 'विषय क्रमांक एक : ठोसा.' विषय क्रमांक दोन नव्हताच. अध्यक्षस्थानी हॉलचे सचिव होते. म्हणजे कोण? तोच फडकं ओढणारा कारकून. आता त्याला पोट आलं होतं आणि चष्मा लागला होता. नवरा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला, आठवड्याची दाढी एका गालावर जास्त आणि एका गालावर कमी.

पहिली साक्ष पंचांची. ते आता ऐंशीचे आहेत, कानाला यंत्र आहे.

"ठोसा लागलेला तुम्ही बघितलात का?" सचिवांनी ओरडून विचारलं.

"मी मोजत होतो."

"त्याच्या आधी?"

"आधीचं माझ्याकडे नव्हतं. माणूस खाली पडला की मोजायला लागायचं, हे माझं काम. का पडला हे त्याने बघावं."

मग भिंत उठली. भिंतीच्या दुकानावर अजून पाटी आहे, 'हातोड्याचा ठोसा खाल्लेला माणूस सांगतो : पडायचं तर आमच्याच गादीवर!' त्याने गालावर बोट ठेवलं. "इथे लागला. अजून थंडीत ठणकतं."

"गेल्या आठवड्यात दुकानात तुम्ही उजवा गाल दाखवला होता," प्राध्यापक म्हणाले.

"थंडीत दोन्ही ठणकतात!" भिंत माझ्याकडे वळली. "वहिनी, तुम्हीच सांगा. मी काय आपोआप पडेन?"

मी उभी राहिले. सगळं सांगितलं. नाक फुटलेला पोरगा, साबण, पाहुण्यांची खुर्ची, फडकं, टाच. फडकं कोणी नेलं तेही सांगितलं आणि सांगताना सचिवांच्या तोंडाकडे बघितलं. नवऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मग सचिव शांतपणे उठले, कपाट उघडलं आणि एक पिवळा पडलेला कागद घेऊन आले.

इथे आमची एक पद्धत सांगते. हॉलमध्ये नियम होता, की लढतीआधी 'रिंग कोरडी आहे' या कागदावर झाडपूस करणाऱ्या बाईची सही हवी. आता रोज कपाट उघडा, कागद काढा, सही घ्या, कपाट बंद करा, हा कारकुनाला त्रास. म्हणून तो सोमवारी सकाळीच आमच्याकडून आठवडाभराच्या सगळ्या सह्या घ्यायचा. रिंग शनिवारी कोरडी असणार हे आम्ही सोमवारीच लिहून द्यायचो. कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

"ही सही तुमची?" सचिवांनी विचारलं.

"माझी. पण ही सोमवारी केलेली आहे."

"तारीख शनिवारची दिसतेय."

"तुम्हीच घालायला लावलीत!"

"बाई," सचिव अगदी मऊ आवाजात म्हणाले, "म्हणजे तुम्ही सव्वीस वर्षं खोट्या सह्या केल्या, असं नोंदवून घेऊ का?"

माझ्याच सहीने माझं तोंड बंद केलं होतं.

"मला तर काही ओलं लागलं नाही," पंच म्हणाले. "मी बुटात होतो."

"साबणाचं पाणी!" प्राध्यापकांनी मान हलवली. ते खरंच दुखावले होते. "बाई, एवढं साधं कारण नसतं हो कशाचं. मी या विषयावर दोन वह्या भरल्यात."

भिंतीचे डोळे भरून आले होते. "वहिनी, माझ्या सुनेला मी रोज तो ठोसा सांगतो. नातवाला सांगतो. जगातल्या सगळ्यात जबर ठोशाने पडलो, म्हणून मान वर करून फिरतो मी. आणि तुम्ही म्हणता, मी घसरलो? पोछ्यावरून?"

मग मतदान झालं. पंचांनी हात वर केला. भिंतीने दोन्ही हात वर केले. प्राध्यापकांनीसुद्धा नावाच्या बाजूने मत दिलं, कारण नाव लागलं तरच पुढे आरोप करण्यात अर्थ आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. इतिवृत्तात सचिवांनी लिहिलं, 'अजिंक्यवीरांच्या पत्नींनी भावनेच्या भरात केलेलं निवेदन वगळण्यात येत आहे.' खरं बोलले ते एकदाच, आणि तेवढंच वगळलं.

आम्ही घरी निघालो. तो पुढे, मी मागे. मी मनात म्हणत होते, ओरडा, काहीतरी बोला. औषधाच्या दुकानासमोर तो थांबला.

"माझाही पाय सरकला होता," तो म्हणाला.

"काय?"

"डावा हात उचलला आणि पाय सरकला. ठोसा त्याच्या कानाशेजारून गेला. तोवर तो घसरून पडायला लागलाच होता."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"एकतीस वर्षं?"

"हो."

"आणि मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तू कुठे बोललीस?"

औषधवाला काउंटरवरून आमच्याकडे बघत होता. नवऱ्याने आवाज खाली आणला.

"आठ दिवस मी हवेत होतो. कोणी हातोडा म्हटलं की छाती फुगायची. नवव्या दिवशी म्हटलं, जाऊन विचारून टाकू, रिंग ओली होती का. आलो तर तू त्याच कोपऱ्यात गुडघ्यांवर बसून कोरड्या फडक्याने घासत होतीस. महिनाभर एकही लढत नव्हती. कोणासाठी घासत होतीस?"

मला तो दिवस लख्ख आठवला. मी रोज घासत होते. त्या महिन्यात तो कोपरा झिजून पांढरा झाला होता.

"तेव्हाच कळलं मला. विचारलं असतं तर सगळं तुझ्यावर आलं असतं, तुला काढून टाकलं असतं. म्हणून चहा मागितला."

"म्हणजे माझ्यासाठी गप्प राहिलात?"

"तुझ्यासाठी. आणि खरं सांगू? हातोडा मलाही सोडवत नव्हता."

मला इतका राग आला की मी भर रस्त्यात रडले. एकतीस वर्षं मी याला जपत होते आणि हा मला जपत होता. एकमेकांची इतकी काळजी घेतली की एकमेकांशी खरं बोलायचं राहूनच गेलं. औषधवाल्याने बाहेर येऊन विचारलं, काही हवंय का. नवरा म्हणाला, "दाढीची पाती द्या."

नामकरणाच्या दिवशी सकाळी हॉल भरला होता. नव्या दरवाजावर 'हातोडा बॉक्सिंग हॉल' अशी लाल अक्षरं. पहिल्या रांगेत आम्ही दोघं, शेजारी भिंत, तिच्या पलीकडे पंच, मागे वही घेऊन प्राध्यापक. नवऱ्याने नवा करडा कोट घातला होता. नामकरणानंतर दोन मुलींची लढत व्हायची होती. दोघी रिंगखाली उभ्या राहून खांदे फिरवत होत्या.

कार्यालयाच्या दाराशी कागद लटकत होता, 'रिंग कोरडी आहे.' खाली नव्या बाईची सही. आणि मला साबणाचा वास आला.

प्रमुख पाहुणे लवकर आले होते. नवी बाई बादली घेऊन घाईघाईने खाली उतरत होती, खांद्यावर कोरडं फडकं नव्हतं. रिंगचा निळा कोपरा दिव्याखाली चकाकत होता. मी नवऱ्याचा हात दाबायला गेले, तर हात जागेवर नव्हता. तो दोऱ्यांमधून आत शिरला होता.

सचिव भाषण करता करता थांबले. माझ्या नवऱ्याने नवा कोट काढला, कोपऱ्यात गुडघे टेकले आणि कोट दोन्ही हातांनी धरून तो कोपरा पुसायला लागला. चौसष्ट वर्षांचा माणूस. रेटून पुसत होता. आधी कोणाला कळेना. मग एकाने टाळी वाजवली आणि सगळा हॉल उभा राहिला.

"बघा, बघा, रिंगपुढे नतमस्तक झाले!" सचिव माइकवर ओरडले.

भिंत हुंदके देत होती. "याच हाताने पाडलं मला. याच हाताने!"

प्राध्यापक म्हणाले, "पुरावा पुसतोय," आणि वहीत लिहून घेतलं.

पुसून झालं. तो उठायला गेला आणि त्याला उठता येईना. गुडघे धरले होते. त्याने वरच्या दोरीला हात घातला, हात सुटला, तो परत खाली बसला. आणि पहिल्या रांगेतून पंच उभे राहिले. म्हातारा माणूस, ऐकू येत नाही, पण रिंगमध्ये कोणी खाली दिसलं की जुनी सवय. बोट वर करून त्यांनी मोजायला सुरुवात केली. "एक! दोन! तीन!"

लोक हसायला लागले. कोणी त्यांना थांबवलं नाही. मीही नाही. माझे डोळे नवऱ्यावर होते. पाचला तो इकडे तिकडे बघत होता. सातला त्याने मला शोधलं. आठला तो उठायची धडपड सोडून निवांत बसला. दहा झाले तेव्हा तो हसत होता, असा मोकळा हसताना मी त्याला लग्नाआधीही पाहिलं नव्हतं.

मी चपला काढल्या आणि रिंगवर चढले. सव्वीस वर्षांची सवय, दोरीखालून कसं शिरायचं ते पाय विसरले नव्हते. त्याच्याजवळ गेले, वाकले आणि हाताने कोपरा चाचपून बघितला.

"हरलो बघ," तो हळूच म्हणाला.

"अहो, उठा आता," मी म्हटलं आणि त्याच्या काखेत हात घातला. "कोरडी झाली."